अँजिओप्लास्टीचे भाकीत : झुरिक ते भुसावळ

हृदयाच्या अरुंद झालेल्या धमन्या छाती न उघडता आतून रुंद करण्याची पद्धत, म्हणजे अँजिओप्लास्टी, आज खानदेशात नवलाईची राहिलेली नाही. भुसावळ, वरणगाव, यावल किंवा रावेर येथील रुग्णाच्या छातीत कळ आली, की त्याला जळगावच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या चलत्-चित्राखाली धमन्यांत बारीक नळ्या घालण्याची सोय असलेल्या कक्षात, नेले जाते आणि बहुतेक वेळा तो काही दिवसांतच आपल्या पायांनी घरी परततो. एका पिढीपूर्वी अशाच रुग्णाला मुंबई, पुणे किंवा इंदूरची वाट धरावी लागे. या बदलाचे श्रेय सहसा यंत्रांना, स्टेंटला आणि सरकारी योजनांना दिले जाते व त्यात तथ्यही आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. कोणाची धमनी सुखरूप उघडेल, कोणाची उघडताना चिरून बंद पडेल आणि बंद पडलीच तर रुग्ण किती वेळ तग धरेल, हे आधी सांगण्याची विद्या जोवर कच्ची होती, तोवर अँजिओप्लास्टीला शस्त्रक्रियागृहाची सोबत सोडता येत नव्हती, आणि हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेली शहरे महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतकीच होती. म्हणूनच या भाकिताच्या विद्येचा इतिहास हा एका अर्थाने अँजिओप्लास्टी जिल्ह्याच्या गावी कशी पोहोचली, याचाही इतिहास आहे.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना वैद्यकात कॉरोनरी धमन्या म्हणतात. त्यांच्या आतल्या अस्तराखाली चरबी, तंतू आणि कालांतराने कॅल्शियम साचून जो थर तयार होतो, त्यामुळे धमनीची पोकळी अरुंद होते. बोलीभाषेत त्यालाच ब्लॉकेज म्हणतात. हे ब्लॉकेज जिवंत माणसात नेमके पाहता येऊ लागले ते १९५८ नंतर, अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांनी बारीक नळीतून थेट कॉरोनरी धमनीत रंगद्रव्य सोडून तिचे क्ष-किरण चित्र घेतल्यावर. या तपासणीला अँजिओग्राफी म्हणतात. अँजिओप्लास्टीत याच वाटेने अतिशय बारीक तार अरुंद जागेच्या पलीकडे नेली जाते, तारेवरून एक मिटलेला फुगा सरकवला जातो आणि तो जागेवर फुगवला जातो. फुग्याने चरबी कडेला दाबली जाते, असे रुग्णांना सोपे करून सांगितले जाते. प्रत्यक्षात फुगा त्या कठीण थराला तडा देतो, अस्तर काही प्रमाणात चिरतो आणि धमनीची भिंत ताणतो. या पद्धतीतील सर्वांत अवघड गोष्ट येथेच आहे, कारण ज्या चिरेमुळे धमनी रुंद होते, तीच चीर थोडी खोल गेली किंवा तिचा पदर सुटून पोकळीत लोंबकळू लागला, तर रक्त गोठते आणि काही मिनिटांत धमनी पूर्ण बंद होते. यश आणि अपघात एकाच क्रियेतून जन्माला येत असल्यामुळे फुगा फुगवण्याआधीच निकालाचा अंदाज बांधणे ही या शाखेची पहिल्या दिवसापासूनची गरज ठरली.

हा पहिला दिवस १६ सप्टेंबर १९७७ हा होता. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग या ३८ वर्षांच्या जर्मन डॉक्टराने त्याच वयाच्या एका रुग्णाच्या डाव्या पुढच्या धमनीतील आखूड अरुंद जागा, रुग्ण पूर्ण शुद्धीत असताना, फुग्याने उघडली. त्या वेळी शल्यचिकित्सकांचे पथक बायपाससाठी, म्हणजे पायातील शीर किंवा छातीतील धमनी वापरून अडथळ्याला वळसा घालणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी, सज्ज होते. त्याची गरज पडली नाही. पुढील दीड वर्षात ग्रुंट्झिग यांनी ५० रुग्णांवर हा प्रयोग केला आणि १९७९ मध्ये त्याचा जो अहवाल प्रसिद्ध केला, तो आजही त्याच्या प्रामाणिकपणासाठी वाचण्यासारखा आहे. ५० पैकी ३२ रुग्णांमध्ये प्रयत्न यशस्वी झाला. पाच जणांची प्रकृती बिघडल्यामुळे त्यांना तातडीने बायपास करावे लागले. याच अहवालात अँजिओप्लास्टीच्या इतिहासातील पहिले भाकीतही नोंदले गेले. एकाच धमनीत अडथळा असलेले रुग्ण या उपचाराला सर्वांत योग्य, ज्याचे दुखणे थोड्याच दिवसांपूर्वी सुरू झाले आहे त्याचा थर अजून मऊ असण्याचा आणि फुग्याला दाद देण्याचा संभव अधिक, आणि बायपाससाठी निवडल्या जाणाऱ्या रुग्णांपैकी जेमतेम १० ते १५ टक्के रुग्णच या पद्धतीस योग्य, असे त्यांनी लिहिले. स्वतःच्या शोधाची मर्यादा शोधाबरोबरच सांगणारा संशोधक विरळा असतो, आणि ग्रुंट्झिग त्या विरळांपैकी एक होते.

१९७९ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने या प्रक्रियांची नोंदवही उघडली. तिच्यात पहिल्या काही वर्षांत जमा झालेल्या ३,०७९ रुग्णांपैकी २०२ जणांना, म्हणजे सुमारे ६.६ टक्क्यांना, तातडीचे बायपास करावे लागले. दर पंधरा-सोळा रुग्णांमागे एकाची छाती काही मिनिटांत उघडावी लागेल आणि तो कोण असेल हे आधी सांगता येणार नाही, अशी ही परिस्थिती होती. तिच्यातून जो नियम जन्मला तो सरळ होता : अँजिओप्लास्टी चालू असताना शेजारचे शस्त्रक्रियागृह रिकामे ठेवायचे, आणि शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व हृदय-फुप्फुस यंत्र हाताशी ठेवायचे. या नियमाने अनेकांचे प्राण वाचवले, यात शंका नाही. परंतु त्यामुळे ही पद्धत महानगरांशी जखडली गेली.

भारतात त्याचा परिणाम ठळकपणे दिसला. ग्रुंट्झिग १९८० मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्या हाताखाली शिकलेले मॅथ्यू सॅम्युएल कळरिकल यांनी १९८६ मध्ये चेन्नईत देशातील पहिली कॉरोनरी अँजिओप्लास्टी केली. ग्रुंट्झिग ते पाहायला हयात नव्हते; ऑक्टोबर १९८५ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला होता. महाराष्ट्रात हृदयशस्त्रक्रियेची परंपरा मुंबईत रुजलेली होती, के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीतच भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण करून पाहिले होते. शल्यचिकित्सकांच्या आधारावर चालणारी अँजिओप्लास्टी साहजिकच अशा मोठ्या केंद्रांभोवती वाढली. खानदेशातील रुग्णासाठी याचा अर्थ लांबचा प्रवास असा होता. मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय असलेल्या भुसावळातून मुंबई रेल्वेने सुमारे ४४० किलोमीटर पडते. रेल्वे कर्मचाऱ्याला विभागीय रुग्णालयातून भायखळ्याच्या रेल्वे रुग्णालयाकडे पाठवण्याची व्यवस्था तरी होती. शेतमजुराला, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रावरील कंत्राटी कामगाराला किंवा बाजारपेठेतील हमालाला तीही नव्हती. हृदयविकाराच्या झटक्यात स्नायूचा नाश तासागणिक वाढत जातो, त्यामुळे अशा रुग्णाच्या बाबतीत फुग्याच्या यशापयशाचा प्रश्न बहुधा उद्भवतच नसे.

नियम सैल होण्याआधी धोका कोठे दडला आहे, हे ओळखता येणे आवश्यक होते. जॉन सिम्पसन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी हवी तशी वळवता येणारी तार आणली आणि त्यामुळे नागमोडी धमन्यांतही पोहोचता येऊ लागले. पोहोच वाढली तसे अपयशाचे प्रकारही वाढले. शेकडो अँजिओग्राफी पुन्हा पुन्हा पाहून, कोणत्या आकाराची जागा उघडली आणि कोणती बंद पडली याची जुळणी करण्याचे कष्टाचे काम या दशकात अनेक केंद्रांनी केले. १९८८ मध्ये अमेरिकेतील दोन प्रमुख हृदयरोग संघटनांच्या समितीने त्यातून एक वर्गवारी मांडली. १० मिलिमीटरपेक्षा आखूड, सरळ धमनीतील, गुळगुळीत कडांची, कॅल्शियम नसलेली, फाट्यापासून दूर असलेली आणि पूर्ण बंद न झालेली जागा ‘अ’ वर्गात गेली व तेथे ८५ टक्क्यांहून अधिक यश अपेक्षित धरले गेले. लांबी १० ते २० मिलिमीटर, वळण ४५ ते ९० अंश, कडा ओबडधोबड, थोडी गुठळी, फाट्यावरचे स्थान, अशा लक्षणांची जागा ‘ब’ वर्गात गेली. तर दोन सेंटिमीटरहून लांब, ९० अंशांपेक्षा तीव्र वळणावरची किंवा तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ पूर्ण बंद असलेली जागा ‘क’ वर्गात, आणि तेथे यशाची अपेक्षा ६० टक्क्यांच्याही खाली होती.

या यादीतील प्रत्येक लक्षणामागे यांत्रिक कारण होते, आणि हेच तिचे खरे मोल. वळणावर सरळ फुगा फुगला की तो धमनीला सरळ करू पाहतो आणि बाहेरच्या बाजूचे अस्तर चिरते. कॅल्शियमचा थर एका बाजूला कठीण आणि दुसऱ्या बाजूला मऊ असेल, तर सगळा दाब मऊ बाजूवर जातो व ती फाटते. फाट्यावर मुख्य धमनी उघडताना थर सरकून शाखेचे तोंड बुजते. जुन्या, पूर्ण बंद जागेत तार शिरायला वाटच सापडत नाही, आणि ती जोर लावून नेली तर भिंतीत घुसते. स्टीफन एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘ब’ वर्गाचे दोन भाग केले, एकच प्रतिकूल लक्षण असलेला आणि दोन किंवा अधिक लक्षणे असलेला, आणि आपल्या रुग्णांवरून या वर्गवारीची परीक्षा घेतली. ‘अ’ वर्गात यश ९२ टक्के व गुंतागुंत २ टक्के, पहिल्या ‘ब’ मध्ये ८४ आणि ४, दुसऱ्या ‘ब’ मध्ये ७६ आणि १०, तर ‘क’ मध्ये यश ६१ टक्के व गुंतागुंत २१ टक्के, असे आकडे निघाले. पायऱ्यांचा हा उतार इतका स्पष्ट होता, की त्यानंतर कोणत्याही डॉक्टरला ‘क’ वर्गातील जागेला हात घालताना आपण काय पत्करतो आहोत हे माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय उरली नाही.

तरीही ही वर्गवारी धमनीची होती, माणसाची नव्हती. एकाच चित्राकडे पाहून दोन अनुभवी डॉक्टर वेगवेगळे वर्ग सांगत, ही त्रुटी लवकरच ध्यानात आली. त्याहून मोठी त्रुटी ही, की अगदी सारखी दिसणारी जागा एका ४५ वर्षांच्या धडधाकट माणसात आणि दुसऱ्या ७८ वर्षांच्या, मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या मधुमेही माणसात असू शकते. पहिल्याची धमनी बंद पडली तर तो शस्त्रक्रियेपर्यंत टिकेल, दुसरा टिकणार नाही. त्यामुळे १९९० च्या दशकात वय, हृदयाची पंप करण्याची ताकद, मधुमेह, मूत्रपिंडांचे कार्य आणि रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त न पोहोचण्याची अवस्था, म्हणजे शॉक, यांना गुण देऊन मृत्यूची शक्यता काढणारी गणिते पुढे आली.

त्याच सुमारास धमनी बंद पडण्याच्या धोक्यावरच उपाय सापडला. १९८६ च्या मार्चमध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे जाक प्युएल यांनी, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिख सिगवार्ट यांनी, जागेवर नेऊन उघडायची धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, कॉरोनरी धमनीत बसवला. सुटलेला पदर भिंतीला टेकवून ठेवण्याचे काम स्टेंटने चोख केले; परंतु परक्या धातूवर रक्त गोठत असे, आणि ते टाळण्यासाठी दिलेल्या तीव्र औषधांनी रक्तस्राव होई. मिलानचे अँतोनियो कोलोंबो यांनी १९९५ मध्ये दाखवले, की स्टेंट अधिक दाबाने नीट पसरवला आणि रक्तातील चिकट पेशींना आवर घालणाऱ्या दोन गोळ्या दिल्या, तर ती तीव्र औषधे टाळता येतात. यानंतर चित्र झपाट्याने पालटले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या नोंदीत १९९४ पर्यंतच्या काळात तातडीच्या बायपासचे प्रमाण २.९ टक्के होते. ते १९९५ ते १९९९ या काळात ०.७ आणि २००० ते २००३ मध्ये ०.३ टक्क्यांवर आले. जुनी वर्गवारी त्यामुळे बरीच बोथट झाली, कारण पूर्वी ‘क’ मानली गेलेली कितीतरी ठिकाणे आता सुखरूप उघडू लागली होती. उपचार सुधारला की त्याचे जुने भाकीत खोटे ठरते, आणि ते सतत नव्या नोंदींवरून दुरुस्त करावे लागते, हा धडा या शाखेने तेव्हा घेतला.

राखीव शस्त्रक्रियागृहाचा नियम टिकवण्याचे कारण आता तपासणे भाग होते. अमेरिकेत १८,८६७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हृदयशस्त्रक्रियेची सोय नसलेल्या रुग्णालयांतील नियोजित अँजिओप्लास्टीचे निकाल सोय असलेल्या रुग्णालयांपेक्षा कमी प्रतीचे नसल्याचे दिसले. मात्र त्यात एक अट गृहीत होती : अत्यंत जोखमीचे रुग्ण आधीच ओळखून त्यांना मोठ्या केंद्राकडे पाठवायचे. म्हणजे शल्यचिकित्सकाची जागा काही अंशी स्टेंटने आणि काही अंशी भाकिताने घेतली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी, हृदयशस्त्रक्रियेचे पथक नसताना, कॅथलॅब चालवणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरले ते या दोन्हींच्या बळावर.

भाकिताचा आकडा सार्वजनिक झाला की काय होते, याचा एक कटू अनुभवही याच काळातला आहे. न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या दशकात रुग्णालयनिहाय आणि डॉक्टरनिहाय मृत्यूचे प्रमाण, रुग्णांच्या जोखमीचा हिशेब लावून, जाहीर करण्यास सुरुवात केली. हेतू चांगला होता. परंतु २००५ मध्ये माउरो मोस्कुच्ची आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कची तुलना, असे जाहीर अहवाल नसलेल्या मिशिगनमधील रुग्णालयांशी केली, तेव्हा अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांत शॉकमध्ये असलेल्यांचे प्रमाण मिशिगनमध्ये २.५६ टक्के आणि न्यूयॉर्कमध्ये अवघे ०.३८ टक्के आढळले. ज्यांना उपचाराची सर्वांत अधिक गरज होती, त्यांनाच आकडा बिघडण्याच्या भीतीने टाळले जात असावे, असा संशय त्यातून बळावला. जोखीम मोजण्याचे साधन निवड करण्यासाठी वापरायचे की नकार देण्यासाठी, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक गुणांकाला चिकटलेला आहे.

२००० नंतरच्या दशकात दोन विचारांनी या विद्येला नवे वळण दिले. पहिला विचार रॉटरडॅममधील पॅट्रिक सेरॉइस यांच्या गटाचा. त्यांनी ‘सिंटॅक्स’ या नावाची गुणांकपद्धती तयार केली. हृदयाच्या कोणत्या भागाला त्या धमनीतून किती रक्त जाते त्यानुसार प्रत्येक अडथळ्याला वजन, आणि वळण, फाटा, कॅल्शियम, लांबी यांसाठी वाढीव गुण, अशी तिची रचना आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,८०० रुग्णांच्या चाचणीत २२ पर्यंत गुण असलेल्यांना स्टेंट आणि बायपास जवळपास सारखेच मानवले, तर ३३ किंवा अधिक गुण असलेल्यांना बायपास स्पष्टपणे सरस ठरले. दुसरा विचार निको पाइल्स आणि बर्नार्ड दे ब्रुइन यांचा. अडथळा डोळ्यांना किती मोठा दिसतो यापेक्षा त्याच्या पलीकडे रक्ताचा दाब किती उरतो हे तारेच्या टोकावरील दाबमापकाने मोजावे, आणि तो मूळ दाबाच्या ८० टक्क्यांहून अधिक असेल तर स्टेंट घालू नये, असे त्यांनी सुचवले व २००९ मधील १,००५ रुग्णांच्या चाचणीत ते खरे ठरले. येथे यशाची व्याख्याच बदलली. धमनी उघडली म्हणजे यश, ही समजूत मागे पडून ती उघडल्याने माणसाचे काही भले झाले का, हा प्रश्न पुढे आला. आणि ज्यांचे दुखणे स्थिर आहे अशा रुग्णांच्या मोठ्या चाचण्यांनी त्याचे उत्तर बऱ्याचदा नकारार्थी दिले. ‘ब्लॉक दिसला की स्टेंट’ ही आपल्याकडील घाई या पुराव्याशी विसंगत आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

ही सारी कोष्टके झुरिक, अटलांटा, न्यूयॉर्क आणि रॉटरडॅमच्या रुग्णांवर बेतलेली होती. भारतीय रुग्ण त्यांत सहज बसत नाही, हे दाखवणाऱ्या संशोधनात महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी हे प्रमुख लेखक असलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत ५८.८ व्या वर्षी. पुढील वर्षी ‘क्रिएट’ या भारतीय नोंदवहीने ५० शहरांतील २०,४६८ रुग्णांची माहिती मांडली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास, होता. आणि ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के, तर गरिबांत ८.२ टक्के होते. दोन्ही गटांना मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतला की ही तफावत उरत नव्हती. याचा अर्थ असा, की गरिबीने माणूस मरत होता तो रक्तवाहिन्यांच्या वेगळेपणामुळे नव्हे, उपचार न मिळाल्यामुळे. सिंटॅक्सच्या गुणपत्रिकेत कोणत्या फाट्याला किती गुण हे आहे, पण या सहा तासांना तिच्यात स्थान नाही.

खानदेशात उपचार आवाक्यात येण्याच्या दोन तारखा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्राने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत धुळे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाल्यावर जळगाव तिच्यात आले. कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, त्यांत अँजिओप्लास्टीही, मोफत झाले. पुढे या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. दुसरी तारीख १३ फेब्रुवारी २०१७. त्या दिवशी राष्ट्रीय औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. त्याआधी लेपित स्टेंट लाखाच्या घरात विकला जाई. स्वस्त झालेला देशी स्टेंट कमी प्रतीचा असेल, अशी शंका तेव्हा अनेकांनी घेतली. तिला उत्तर मिळाले ते भुसावळजवळून वाहणारी तापी जेथे समुद्राकडे वळते त्या सुरतेतून. भुसावळशी लोहमार्गाने जोडलेल्या या शहरातील सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीजने बनवलेला स्टेंट युरोपातील २३ केंद्रांत १,४३५ रुग्णांवर नामांकित अमेरिकी स्टेंटशी ताडून पाहिला गेला, आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निकालात वर्षअखेर अनिष्ट घटनांचे प्रमाण ४.९ विरुद्ध ५.३ टक्के, म्हणजे त्याच तोडीचे, निघाले.

साधन उत्तम आणि किंमत आवाक्यात, अशी स्थिती आल्यावर गुंतागुंतीचे ओझे कॅथलॅबच्या बाहेर सरकले. त्याची दोन उदाहरणे खानदेशाला विशेष लागू पडतात. अँजिओग्राफीतील रंगद्रव्य मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि कमकुवत मूत्रपिंडांना इजा करू शकते. रॉक्साना मेहरान यांनी २००४ मध्ये या धोक्याचा गुणांक बांधला. त्यात ७५ पेक्षा अधिक वय, मधुमेह, रक्तक्षय, हृदयाची दुर्बलता, कमी रक्तदाब, आधीच बिघडलेले मूत्रपिंड आणि रंगद्रव्याचे प्रमाण यांना गुण आहेत. शरीरात पाणी पुरेसे असणे हा यावरचा सर्वांत खात्रीचा बचाव. ज्या भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि केळीच्या बागेत किंवा रेल्वेच्या यार्डात दिवसभर राबणारा माणूस आधीच पाण्याअभावी सुकलेला असतो, तेथे या कोष्टकातील एका ओळीची उणीव जाणत्या डॉक्टरला भासल्याशिवाय राहत नाही. रक्तक्षयाची ओळ तर सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी गावांतून येणाऱ्या रुग्णांमध्ये आणखी जड होते.

दुसरे उदाहरण गोळ्यांचे. औषधलेपित स्टेंटमध्ये काही महिन्यांनी अचानक गुठळी होण्याचे प्रमाण अल्प, पण तशी झाली तर ती बहुधा जीवघेणी. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,२२९ रुग्णांच्या अभ्यासात या गुठळीचे सर्वांत प्रबळ कारण धमनीचा आकार नव्हता, मधुमेहही नव्हता. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी दुसरी गोळी मुदतीआधी बंद करणे हे होते, आणि त्याने धोका सुमारे ९० पटींनी वाढत होता. स्टेंट योजनेतून मोफत बसतो. गोळ्या मात्र पुढे कित्येक महिने नियमाने घ्याव्या लागतात, आणि ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेल्या माणसाची पुडी संपली की तो धोका कोणत्याही चित्रात दिसत नाही. दात काढण्यासाठी किंवा बरे वाटते म्हणून गोळी सोडणाऱ्यांची गोष्टही तीच. दुसऱ्या बाजूला, या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होणारे वृद्धही असतात. म्हणून कोणाला त्या किती काळ द्याव्यात यासाठी २०१६-१७ पासून वेगळे गुणांक वापरात आले.

झटक्याच्या रुग्णांत मात्र भाकिताची वेळ याहूनही आधी येते. भुसावळहून जळगाव जेमतेम २५ किलोमीटर असल्यामुळे तेथील रुग्ण वेळेत कॅथलॅबला पोहोचू शकतो. मुक्ताईनगर, रावेर किंवा चोपड्याच्या आडगावांतून तसे होईलच असे नाही. अशा रुग्णांसाठी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली १,८९२ रुग्णांची ‘स्ट्रीम’ चाचणी निर्णायक ठरली. तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेल्या रुग्णांना जागेवरच टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन मग मोठ्या रुग्णालयात पाठवले असता, एकंदर निकाल थेट अँजिओप्लास्टीइतकाच चांगला लागला, परंतु मेंदूतील रक्तस्राव थोडा वाढला आणि सुमारे ३६ टक्के रुग्णांना तातडीने कॅथलॅबची गरज पडली. हे औषध आज पुण्याच्या जेनोव्हा या कंपनीतही तयार होते. त्या ३६ टक्क्यांना ओळखण्याची खूण अतिशय साधी आहे : इंजेक्शननंतर ९० मिनिटांनी पुन्हा काढलेल्या हृदयालेखात, म्हणजे ईसीजीत, वर चढलेली रेषा निम्म्यापर्यंतही खाली उतरली नसेल, तर गुठळी विरघळलेली नाही असे समजून रुग्ण लगेच हलवायचा. हा कागद वाचायला कॅथलॅब लागत नाही आणि हृदयतज्ज्ञही लागत नाही. ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी तो वाचू शकतो, अट एवढीच, की दुसरा ईसीजी खरोखर काढला गेला पाहिजे आणि रुग्णवाहिका दारात उभी असली पाहिजे.

फुले यांच्या नावाच्या राज्य योजनेखाली होणाऱ्या प्रत्येक अँजिओप्लास्टीला पूर्वमंजुरी लागते आणि त्यासाठी रुग्णाची माहिती व अँजिओग्राफीचा अहवाल संगणकावरून पाठवला जातो. म्हणजे खानदेशातील हजारो हृदयांची नोंद, वयासह, तालुक्यासह आणि निदानासह, शासनाच्या हाती आधीच येत आहे. अमेरिकेत ३,०७९ रुग्णांच्या नोंदवहीने या विद्येचा पाया घातला होता. दुखणे सुरू झाल्याची वेळ, पहिल्या ईसीजीची वेळ, गोळ्या सहा महिन्यांनी चालू आहेत की नाहीत आणि वर्षाअखेर रुग्ण हयात आहे की नाही, असे चार रकाने या नोंदीला जोडले, तर यावलच्या शेतमजुराची जोखीम रॉटरडॅमच्या कोष्टकावरून मोजण्याची पाळी जळगावच्या डॉक्टरवर येणार नाही.